पडद्याची मागची बाजू

शाळेसाठी, महाविद्यालयासाठी किंवा कंपनीच्या बैठकीच्या खोलीसाठी मोठे इंटरॅक्टिव्ह पॅनेल घ्यायचे ठरले की सगळी चर्चा त्याच्या पुढच्या बाजूची होते. पडदा किती इंची, चित्र ४के आहे का, एका वेळी किती बोटांचे स्पर्श ओळखतो, रॅम किती, अँड्रॉइड कितवे. मागच्या आणि खालच्या कडेच्या पोर्टांचा विषय निविदेच्या शेवटच्या ओळीत उरकतो. बाहेरचा लॅपटॉप, फोन किंवा कॅमेरा जोडणे म्हणजे केबल खुपसण्याचे किरकोळ काम, ते तंत्रज्ञ बघेल. शिवाय आता सगळे बिनतारी झाले आहे, असे मानले जाते.

हा समज उथळ आहे. खोलीतला मोठा पडदा ही खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्राची सामाईक जागा असते. आत कोणता संगणक बसवला आहे यापेक्षा, बाहेरून आलेल्या अनोळखी यंत्राला तो पडदा किती काळ, किती पूर्णपणे आणि किती सहज सामावून घेतो यावर त्याचे मोल ठरते. हे जमत नसेल तर तो कितीही इंची असो, महागडा टीव्हीच. हे म्हणणे पाच टप्प्यांत मांडतो आणि मग त्यावरच्या आक्षेपांकडे वळतो.

१. मूळ कल्पनेत पडदा एकटा नव्हता

१९९१ हे वर्ष या विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. कॅनडातल्या कॅल्गरीच्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज कंपनीने त्या वर्षी पहिला ‘स्मार्ट बोर्ड’ बाजारात आणला. त्या बोर्डाच्या पोटात संगणक नव्हताच. संगणक बाहेर असे; तो जोडला की बोर्डाला जीव येई. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एकविसाव्या शतकातल्या संगणकावर लेख लिहिला. त्यांनी तीन आकारांची यंत्रे कल्पिली होती: तळहाताएवढे टॅब, कागदाएवढे पॅड आणि भिंतीवरचे बोर्ड. एका खोलीत शंभरेक टॅब, दहा-वीस पॅड आणि एखाद-दुसरा बोर्ड, असा त्यांचा हिशेब होता. बोर्डाला अर्थ होता तो भोवतालच्या लहान यंत्रांमुळे.

पुढचे प्रयोगही याच दिशेने गेले. १९९७ मध्ये सोनीच्या संशोधन प्रयोगशाळेतले जुन रेकिमोतो यांनी एक तंत्र दाखवले: हातातल्या छोट्या यंत्रावरची वस्तू पेनने ‘उचलायची’ आणि मोठ्या पडद्यावर नेऊन ‘ठेवायची’. २००७ मध्ये जॉनी ली या अमेरिकी संशोधकाने निन्तेन्दोच्या खेळाचा रिमोट, इन्फ्रारेड दिव्याचे पेन, प्रोजेक्टर आणि साधा लॅपटॉप एवढ्यावर कोणतीही भिंत इंटरॅक्टिव्ह करून दाखवली. त्यात खास बनवलेला बोर्ड नव्हता. वेगवेगळ्या कामांसाठी बनलेली यंत्रे एकमेकांना जोडली, एवढेच. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर जोडणी आधी आली आणि पडद्याच्या आतला संगणक मागाहून. आज आपण मागाहून आलेल्या सोयीलाच मूळ वस्तू समजतो आहोत.

२. काळ: पडदा टिकतो, मेंदू म्हातारा होतो

पॅनेलच्या प्रकाशपटलाला कंपन्या साधारण ३०,००० ते ५०,००० तासांचे आयुष्य सांगतात. शाळेत पॅनेल रोज ६ तास आणि वर्षाला २०० दिवस चालले, तर वर्षाचे १,२०० तास होतात. कमीत कमी आकडा धरला तरी कागदावर २५ वर्षे निघतात. वीजपुरवठ्याचे चढउतार, धूळ आणि उन्हाळा यांनी हा आकडा बराच खाली येईल हे मान्य. तरीही आतल्या अँड्रॉइडच्या, अ‍ॅपच्या आणि सुरक्षा-सुधारणांच्या आयुष्याशी त्याची तुलना होत नाही. ते आयुष्य कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते आणि धोरण बदलायला एक घोषणा पुरते.

गूगलचा ५५ इंची जॅमबोर्ड २०१७ मध्ये विक्रीला आला. किंमत ४,९९९ डॉलर. २०२३ मध्ये कंपनीने तो गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि २०२४ संपेपर्यंत त्याचे सॉफ्टवेअर बंद झाले. काच शाबूत, स्पर्श शाबूत, पण ज्या कामासाठी तो घेतला ते काम गेले. त्यानंतर त्याचा जो काही उपयोग उरला, तो बाहेरचे यंत्र जोडण्याच्या पोर्टमुळे.

मायक्रोसॉफ्टच्या सरफेस हबची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या पिढीत ५५ आणि ८४ इंची पडदे होते. त्यांच्यासाठी बनवलेल्या विंडोज १० टीमचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पण या हबमध्ये सुरुवातीपासून दोन वाटा ठेवलेल्या होत्या. पाहुण्याचा लॅपटॉप जोडण्याची एक आणि आतला संगणक पूर्ण बाजूला सारून बाहेरच्या संगणकावर सगळा पडदा चालवण्याची दुसरी. ही दुसरी वाट आहे म्हणून तो महागडा पडदा आजही कामाला लावता येतो. २०१९ च्या दुसऱ्या पिढीत कंपनीने संगणक थेट काढता-घालता येणाऱ्या डब्यात ठेवला. याच विचारातून २०१० मध्ये इंटेलने ‘ओपीएस’ हे मानक आणले होते: पॅनेलच्या कडेला ठरावीक मापाचा खण आणि त्यात सरकवायचा संगणक. संगणक जुना झाला की डबा बदला, पडदा राहू द्या. बनवणारेच पडद्याचे आणि मेंदूचे आयुष्य वेगळे धरू लागले आहेत. घेणाऱ्यांनीही ते धरावे.

३. पूर्णता: चित्र जाते, स्पर्श परत यायला हवा

लॅपटॉप जोडला आणि चित्र दिसले की बहुतेकांच्या लेखी जोडणी झाली. खरे तर अर्धीच झाली. २००२ मध्ये मानक म्हणून आलेली एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज लॅपटॉपकडून पडद्याकडे नेते. रिमोटचे हुकूम किंवा आवाज यांसारखे थोडे निरोप ती उलट दिशेनेही आणू शकते. बोटाचा स्पर्श मात्र त्या वाटेने येत नाही. त्यासाठी पडद्यापासून लॅपटॉपपर्यंत दुसरी, यूएसबीची केबल लागते. ती जोडली की लॅपटॉपला पडदा हे स्पर्शाचे साधन म्हणून दिसते आणि भिंतीवर बोट टेकवले की लॅपटॉपमधली फाइल हलते. ही दुसरी केबल कित्येक खोल्यांत खोक्यातच राहते. मग शिक्षक भिंतीजवळ चित्राकडे बोट दाखवतात आणि क्लिक करायला पुन्हा टेबलाकडे जातात. पैसे इंटरॅक्टिव्ह पॅनेलचे मोजलेले असतात, वापर मात्र प्रोजेक्टरचा होतो.

या दुसऱ्या केबलची अडचण लांबीत आहे. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर. यूएसबी ३ ची व्यवहारात त्याहूनही कमी. चांगली एचडीएमआय केबल त्यापेक्षा लांब जाऊ शकते. टेबल आठ मीटरवर असेल तर चित्र पोचेल, स्पर्श पोचणार नाही. मध्ये सिग्नल वाढवणारे यंत्र लागेल. हा निर्णय भिंतीत पाइप टाकताना, म्हणजे पॅनेल येण्याआधी, घ्यावा लागतो. रंगरंगोटी झाल्यावर घेतलेला निर्णय जमिनीवर लोंबकळणाऱ्या केबलच्या रूपाने वर्षानुवर्षे दिसत राहतो.

पूर्णतेचे आणखी दोन कंगोरे आहेत. केबल जोडताच पडदा आपल्याला कोणती चित्रमापे झेपतात याची माहिती लॅपटॉपला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मध्ये स्वस्त अ‍ॅडॉप्टर किंवा जुना स्विच असला की ही माहिती गढूळ होते. मग चित्र कडांना कापले जाते किंवा अक्षरे पुसट दिसतात. दुसरा कंगोरा ४के चा. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत ४के चित्र सेकंदाला ३० वेळा बदलते, २.० मध्ये ६० वेळा. चित्रपटाला ३० पुरते. बोटाने लिहिताना मात्र शाई बोटामागे रेंगाळते आणि लिहिणाऱ्याला वाटते की पडदाच मंद आहे. दोष पडद्याचा नसतो, जोडणीचा असतो.

४. फाइल पेनड्राइव्हने येते, काम येत नाही

जोडणीची एवढी उठाठेव कशाला, फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पॅनेलच्या अँड्रॉइडवर उघडा, असा सल्ला सर्रास मिळतो. मराठी माणसाने तरी तो पारखून घ्यावा. आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत, छापखान्यांत आणि कार्यालयांत दोन-तीन दशकांचा मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींतल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे ती फाइल उघडली की धड्याच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. पॅनेलमधल्या अँड्रॉइडवर तो फॉन्ट असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. शिक्षकाचा स्वतःचा लॅपटॉप जोडला, तर फॉन्ट, कळफलक, अर्धवट सोडलेली टिपणे आणि काल जिथे थांबलो ते पान, सगळे सोबत येते.

हा प्रश्न केवळ फॉन्टचा नाही. गणिताच्या शिक्षकाचे भूमितीचे सॉफ्टवेअर, वास्तुविशारदाचे नकाशे, डॉक्टरांचा स्कॅन पाहण्याचा प्रोग्राम, लेखापालाची सूत्रे भरलेली कोष्टके: ही कामे त्या-त्या माणसाच्या यंत्रात राहतात. फाइल हे कामाचे नुसते टरफल. पॅनेलमध्ये आधीच भरलेला ‘कंटेंट’ कितीही आकर्षक असला तरी तो कोणाच्या तरी सरासरी वर्गासाठी बनवलेला असतो. समोरच्या वर्गासाठी काल रात्री बसून केलेली तयारी शिक्षकाच्या यंत्रात असते.

५. सहजता आणि सत्ता: पडद्यावर कोणाचे यायचे?

आता बिनतारी जोडणी. तिचे गुण खरे आहेत, पण तिने प्रश्न सुटला हे खरे नाही. अ‍ॅपलच्या यंत्रांची वाट एअरप्ले, गूगलची कास्ट, विंडोजची प्रामुख्याने मिराकास्ट. आयफोन मिराकास्ट बोलत नाही. कित्येक अँड्रॉइड फोनही आता बोलत नाहीत. म्हणजे ‘वायरलेस आहे’ या दोन शब्दांना अर्थ नाही. तिन्ही वाटा उघड्या आहेत का, हे विचारावे लागते. त्यातही पाहुण्यांचे वाय-फाय आणि पॅनेलचे वाय-फाय सुरक्षेसाठी वेगळे ठेवले असेल, तर फोनला पॅनेल सापडतच नाही. सापडले तरी बिनतारी वाटेने बहुधा चित्रच जाते; पडद्यावरचा स्पर्श फोनपर्यंत परत येत नाही. बिनतारी जोडणी अनेकदा आपल्याला गुपचूप तिसऱ्या टप्प्यातल्या अर्ध्या जोडणीवर आणून सोडते.

सहजतेचा मुद्दा शेवटी सत्तेचा आहे. १९८७ मध्ये ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ सुरू झाले तेव्हा शाळेला फळा मिळाला की त्यावर कोणीही, कोणत्याही खडूने लिहू शकत होते. २०१९ मध्ये केंद्राने ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ सुरू केले. या नव्या फळ्यावर काय उमटू शकते, हे त्याचे पोर्ट, त्याचा पासवर्ड आणि त्याचे अ‍ॅप ठरवते. खडू आता कंपनीच्या किंवा कार्यालयाच्या ताब्यात गेला आहे.

महाराष्ट्रात याची धार जास्त जाणवते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी गाजला. आज बालभारतीच्या पुस्तकांवर ते कोड आहेत. कोड वाचला जातो शिक्षकाच्या फोनवर आणि चित्रफीतही तिथेच उघडते. चाळीस मुलांना सहा इंची पडदा पाहता येत नाही. फोनपासून भिंतीपर्यंतचे ते चार-पाच मीटरचे अंतर रोज, विनासायास पार झाले तरच पुस्तकातला कोड वर्गाच्या उपयोगाचा. त्यातही स्वस्त फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून बहुतेक वेळा चित्र बाहेर येत नाही. दिसायला पोर्ट तेच, पण त्यात ती सोय नसते. अशा शिक्षकाला बिनतारी वाट लागतेच. म्हणून तार की बिनतार हा वाद फोल आहे. महागडा लॅपटॉप आणि स्वस्त फोन या दोघांनाही पडद्यावर समान हक्क मिळावा, तर दोन्ही वाटा हव्यात. बैठकीच्या खोलीतही हेच चालते: ज्याचा लॅपटॉप सहज जोडला जातो त्याचा आराखडा चर्चेला येतो आणि ज्याचे अ‍ॅडॉप्टर सापडत नाही तो ‘नंतर मेल करतो’ म्हणून खाली बसतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: शिक्षकांना साधेपणा हवा. एकच बटण, आत सगळे तयार. केबलींचा पसारा त्यांना घाबरवतो. हा आक्षेप वजनदार आहे. पण साधेपणा पर्याय काढून घेऊनही आणता येतो आणि पर्याय नीट मांडूनही. टेबलाच्या कडेला कायम बसवलेल्या दोन केबली, त्यांवर ठळक मराठीत लिहिलेली ‘चित्र’ आणि ‘स्पर्श’ अशी नावे, आणि केबल लावताच आपोआप त्या यंत्राकडे वळणारा पडदा: याहून सोपे काही नाही. यूएसबी-सी मध्ये तर चित्र, स्पर्श आणि चार्जिंग एकाच केबलीतून होऊ शकते. पसारा जोडणीमुळे होत नाही, ती आधी न आखल्यामुळे होतो.

दुसरा आक्षेप: सुरक्षा. कोणाचेही यंत्र जोडू देणे म्हणजे धोका ओढवून घेणे. धोका आहे, पण सगळ्या वाटांना सारखा नाही. एचडीएमआयमधून येते ते चित्र. त्या वाटेने पॅनेलमध्ये फाइल उतरत नाही. खरी जोखीम यूएसबीची आहे. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी दाखवून दिले की यूएसबीचे निरुपद्रवी दिसणारे साधन स्वतःला कळफलक म्हणवून संगणकाला हुकूम देऊ शकते. गंमत अशी की स्पर्शाच्या केबलने पाहुण्याचा लॅपटॉप पॅनेलवर विश्वास टाकतो. धोका यजमानाइतकाच पाहुण्यालाही आहे. म्हणून पॅनेल अद्ययावत ठेवणे, त्यावर वाटेल ते अ‍ॅप टाकू न देणे, बिनतारी जोडणीला दर वेळी नवा पिन लावणे आणि सत्र संपताच लिहिलेले सगळे पुसले जाणे, ही यजमानाची जबाबदारी ठरते. दारच बंद केले तर लोक पेनड्राइव्ह फिरवू लागतात आणि तो मार्ग सर्वांत वाईट.

तिसरा आक्षेप: सगळे क्लाउडवर आहे, पॅनेलवर लॉग-इन करा, यंत्र जोडायची गरजच नाही. ज्या शाळेत नेट तासाला दोनदा जाते तिथे हा युक्तिवाद तिथेच संपतो. नेट उत्तम असले, तरी आपला पासवर्ड शंभर लोकांच्या सामाईक पडद्यावर, सगळ्यांसमोर, भल्यामोठ्या कळफलकावर टाइप करणे शहाणपणाचे नाही. लॉग-आउट करायला विसरलेला एक जण आपली मेल, ड्राइव्ह आणि फोटो पुढच्या तासाच्या हवाली करतो. स्वतःचे यंत्र जोडणारा माणूस केबल काढतो आणि सगळे सोबत घेऊन जातो. खासगीपणाच्या दृष्टीने यंत्र जोडणे हीच अधिक सुरक्षित वाट आहे.

चौथा आक्षेप: केबली तुटतात, पोर्ट सैल होतात, देखभालीचा खर्च वाढतो. बरोबर. पण केबल बदलायला काहीशे ते काही हजार रुपये लागतात. बंद पडलेल्या अंतर्गत संगणकापायी पूर्ण पॅनेल मोडीत काढायला लाख. पोर्टची झीज थांबवण्याचा उपायही स्वस्त आहे: पॅनेलच्या मूळ पोर्टमध्ये एक छोटी केबल कायम ठेवायची आणि रोजची जोडणी तिच्या टोकाला करायची. झिजेल ती केबल, पॅनेल नाही.

मग मोजायचे काय?

हे मान्य केले तर खरेदीचे निकष बदलतात. इंच आणि रॅम यांच्या आधी पाच प्रश्न यावेत. आतला संगणक काढला किंवा बंद पडला तरी पडदा बाहेरच्या यंत्रावर पूर्ण चालतो का? बाहेरच्या यंत्राकडे स्पर्श परत जातो का, आणि तो विंडोजशिवाय इतर यंत्रांवरही जातो का? टेबलापर्यंतच्या अंतरात चित्राची आणि स्पर्शाची, दोन्ही केबली भिंतीतून नेलेल्या आहेत का? एअरप्ले, कास्ट आणि मिराकास्ट या तिन्ही वाटा पाहुण्यांच्या वाय-फायवरूनही उघड्या आहेत का? सत्र संपले की पडदा स्वतःला पुसतो का?

या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात शोधू नयेत. विक्रेत्याच्या सादरीकरणाला त्याचा लॅपटॉप चालतोच. तो त्यासाठीच आणलेला असतो. परीक्षा आपण आपल्या यंत्रांवर घ्यावी: शाळेतला सर्वांत जुना लॅपटॉप, सर्वांत स्वस्त फोन, आणि मुख्याध्यापकांऐवजी संगणकाची भीती वाटणारा एखादा शिक्षक. त्या शिक्षकाने कोणाला न विचारता आपला धडा पडद्यावर आणला, भिंतीजवळ उभे राहून बोटाने पान उलटले आणि तास संपल्यावर मागे काही न ठेवता यंत्र काढून घेतले, तर पॅनेल घ्यावे. यातले एक जरी जमले नाही, तर विक्रेत्याने किंमत निम्मी केली तरी ते घेऊ नये.